गाडी कोण चालवत होतं?

"पद्मा, तुझं लायसन कुठाय गं? आण जरा," अण्णा पुढच्या सोप्यातून म्हणाले.

रविवारची सकाळ होती आणि मी आईला जोंधळ्याचं पीठ चाळून देत होते. लायसन मिळाल्यापासून घरात कुणी ते मागितलंच नव्हतं. मला वाटलं, आदल्या दिवशीच्या भानगडीनंतर श्रेयांसचे हात कापत असतील, कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं असेल, आणि एकदाची माझी आठवण झाली. मी हात पुसले, कपाटातून लायसन काढलं, ओढणी नीट केली आणि चक्क चपला घालून सोप्यात गेले.

सोप्यात अण्णा, माझा धाकटा भाऊ श्रेयांस आणि कुंभोजे सर बसले होते. कुंभोजे सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात विम्याची एजन्सी बघायचे. आमच्या यंत्रमागाच्या शेडपासून अण्णांच्या जिवापर्यंत सगळ्याचा विमा त्यांच्याकडेच होता. त्यांनी माझं लायसन हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"झकास. नवंकोरं आहे," ते म्हणाले. "चपला कशाला घातल्यास? बस की."

मी बसले. मग सरांनी मला जे सांगितलं ते इतक्या सहज सांगितलं, की ऐकताना आधी त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी श्रेयांस आमची पांढरी मारुती घेऊन बाहेर पडला होता. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या वळणावर त्याने मालनबाईंना उडवलं. मालनबाई पलीकडच्या गल्लीतल्या, एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या कामाला जायच्या. त्यांचा पाय मांडीत मोडला. श्रेयांस गाडी तिथेच सोडून मागच्या बोळाने घरी पळून आला. लोकांनी बाईंना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. हवालदाराने गाडीचा नंबर लिहून घेतला, अण्णांच्या ओळखीवर गाडी घरी आणू दिली, आणि सोमवारी गाडी चालवणाऱ्याला लायसन घेऊन पाठवा, असं सांगितलं. विमा कंपनीचा माणूसही सोमवारीच पाहणीला येणार होता.

आता गोम अशी होती, की चालवणाऱ्याजवळ लायसन असेल तरच कंपनी गाडीची भरपाई देते. श्रेयांसजवळ ते नव्हतं. अण्णांजवळ होतं, परीक्षा न देता एजंटाने घरी आणून दिलेलं, पण अण्णा त्या वेळी जयसिंगपूरला एका लग्नात अक्षता टाकत होते, आणि नेहमीप्रमाणे व्हिडिओवाल्याच्या पुढे पुढे करत होते.

"मग राहता राहिलं कोण? तू," सर म्हणाले. "तुला फार काही करायचं नाही. कुणी विचारलं, गाडी कोण चालवत होतं, की म्हणायचं, मी चालवत होते. संपलं."

मी श्रेयांसकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

हे लायसन माझ्याजवळ आलं कसं, ते सांगायला हवं. ते काढलं होतं माझ्या लग्नासाठी. मुलीच्या बायोडाटात 'चारचाकी चालवता येते' अशी ओळ असली की पुण्याकडची स्थळं खूश होतात, असं आमच्या आत्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. म्हणून अण्णांनी मला मोटार ट्रेनिंगच्या क्लासला घातलं. महिनाभर मी इचलकरंजीच्या रस्त्यांतून क्लासची खटारा गाडी हाकली. सुताची पोती लादलेले हातगाडे, उलट्या बाजूने येणाऱ्या सायकली, भर बाजारात फतकल मारून बसलेल्या म्हशी, सगळं चुकवायला शिकले. परीक्षेला मैदानात गाडी मागे घेत आठाचा आकडा काढायचा होता. माझ्या आधीची दोन मुलं तिथे आपटली. मी पहिल्याच फटक्यात काढला. मग बायोडाटात ती ओळ टाइप झाली आणि लायसन कपाटात गेलं.

श्रेयांस परीक्षेला गेलाच नाही. त्याच्या शिकाऊ लायसनची मुदत कधीच संपली होती. "मला आठ कशाला काढायचाय? मी सरळ जातो," असं तो म्हणायचा, आणि अण्णांना त्याचं कौतुक वाटायचं. गाडी घरी आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मी एकदा विचारलं होतं, जरा चालवून बघू का म्हणून. अण्णा म्हणाले, "तुला कुठं जायचंय?" मुलींजवळ या प्रश्नाचं उत्तर नसतं, याची त्यांना खात्री होती.

तर अशी मी, आणि असं माझं लायसन.

"आणि पोलीस?" मी सरांना विचारलं.

पोलीस काय, नाव घालतील, केस होईल, जामीन जागेवर मिळतो, पुढे दंड भरून मोकळं व्हायचं, असं सर म्हणाले. जणू काही दळण आणायला जायचं होतं.

"माझ्या नावावर केस?"

"नाव काय खाऊन टाकतंय काय तुला?" अण्णा म्हणाले.

खाणार होतं. नुकतीच माझी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली होती. नेमणुकीच्या आधी चारित्र्याचा दाखला लागायचा, आणि तो याच पोलीस ठाण्यातून यायचा होता. मी ते सांगितलं. अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते म्हणाले, नोकरी आज आहे, उद्या नाही, आणि लग्न झाल्यावर सासरचे करू देतील की नाही तेही माहीत नाही. श्रेयांसला मात्र आत्यांच्या मुलाकडे मस्कतला पाठवायचं ठरत होतं. त्याच्या पासपोर्टात अडकाठी आली तर त्याचा जन्म वाया जाणार होता. माझा जन्म वाया जाण्याजोगा होता की काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी गप्प बसलेली बघून सरांना वाटलं, गाडी रुळावर आली. ते उत्साहाने पुढे सांगू लागले. "आणि कुणी शंकासुद्धा घेणार नाही बघ. नवं लायसन, त्यात पोरगी. बावरली, ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला. कुणालाही पटतंय. कंपनीचा माणूस पुढचा प्रश्नच विचारणार नाही."

इथे माझं डोकं फिरलं. केसची भीती होतीच, नोकरीचीही होती, पण या वाक्याने जे झालं ते भीतीने झालं नव्हतं. मला कुणी गाडीजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि आता ती ठोकायला मात्र मीच सगळ्यात लायक ठरत होते.

"सर, ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला हे मला कळतं," मी म्हणाले. "या सोप्यात परीक्षा देऊन पास झालेली मी एकटीच आहे."

अण्णा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत. ते उठले, माझ्याजवळ येऊन बसले, आणि खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"एवढं एक सांग, पद्मा. मग गाडी तुझी. शाळेला ने, बाजारात ने, कुठं पाहिजे तिथं ने. मी आडवा येणार न्हाई. आणि त्या बाईचा बी विचार कर. तू सांगितलंस तर कंपनी तिचं औषधपाणी करंल. न्हाईतर ती बिचारी कुणाच्या तोंडाकडं बघणार?"

किल्ली त्यांच्या खिशात राहून कोमट झाली होती. मी ती धरली. आता कशाला लपवू, घट्ट धरली. माझी शाळा कुठल्या तरी आडगावात असणार होती, आणि त्या गावाच्या रस्त्याला मी ती गाडी घेऊन निघाले आहे, खिडकीची काच खाली आहे, असं मला तिथल्या तिथे दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आणि मालनबाईंचंही भलं होणार होतं म्हणे.

"घे की," श्रेयांस पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला. "नाहीतरी तुला पाहिजेच होती."

मी किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, आधी मी बाईंना बघून येते, मग काय ते बोलू. अण्णा नको म्हणत होते, पण मी आत गेले होते.

आई चुलीपुढे सगळं ऐकत होती. तिने डब्यात मऊ भात घातला, वर तुपाची धार सोडली आणि डबा माझ्या हातात दिला. ती अण्णांपुढे कधी बोलायची नाही. मागच्या दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "जे सांगशील ते जन्मभर सांगावं लागंल बघ. पोलिसाला, सासूला, पोराबाळांना. तेवढं ध्यानात घे, आणि मग काय पाहिजे ते कर."

दवाखान्यात मालनबाई खाटेवर पडून होत्या. पायाला वजन बांधून तो वर टांगला होता. मी मगदुमांची म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. डबा घेतला, झाकण काढून वास घेतला आणि बाजूला ठेवला. त्यांचा मुलगा औषध आणायला गेला होता.

"तूच व्हय मला उडीवलंस?" त्यांनी विचारलं.

मी स्टूल जवळ ओढलं.

"काल राती तुमच्या शेडातला मुकादम आलता," त्या म्हणाल्या. "म्हनला, पोरगी चालवत हुती म्हनून सांगा, म्हंजे पैसं लगीच येत्यात. मी म्हनलं, बाबा, मला त्यो दिसलाय की. वळनाव त्येची न माजी नजरानजर झाली. मी पडल्याव त्यो उतरला, माज्याकडं बघितलं आन् पळाला. पानीसुदिक इचारलं न्हाई."

श्रेयांसने घरी सांगितलं होतं, की अंधार होता, कोण पडलं ते त्याला कळलंच नाही. मी त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले आणि मला जे विचारायचं होतं ते विचारलं. मावशी, मी खरं सांगितलं आणि त्यामुळे तुमचे पैसे अडकले तर?

पैशाची गरज त्यांना होती, ते मला दिसत होतं. हातावरचं पोट, आणि पाय असा टांगलेला.

"अडाकलं तर तुज्या बापाकडनं घीन," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यो काय गाव सोडून पळतोय? पाय बरा झाला की रोज येऊन तुमच्या दारात बसंन. सगळी गल्ली बघंल. पर पोरी, तू माज्या नावानं खोटं बोलू नगंस. माजा पाय मोडलाय. आता त्येच्याव कुनी कायबी बांदू नगा."

मग त्यांनी डबा जवळ ओढला आणि भात खायला घेतला. मी घरी आले. अण्णांनी विचारलं, काय ठरवलंस? मी म्हणाले, उद्या विचारतील तेव्हा सांगेन. ते त्यांनी होकार धरून घेतलं. मी हो म्हटलं नव्हतं, पण त्यांना माझ्याकडून नाही ऐकायची सवय नव्हती.

सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. कित्तूरकर नावाचा, बारीक अंगाचा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला गृहस्थ. त्याने फुटलेल्या दिव्याचे आणि चेमटलेल्या बॉनेटचे फोटो काढले, वाकून चाकं बघितली. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. आईने चहा पाठवला. आमच्या गल्लीत कुणाकडे साधा मांजरपाट विकणारा आला तरी चार माणसं जमतात, इथे तर कॅमेरा होता. समोरच्या चौगुले काकू कट्ट्यावर तांदूळ निवडायचं निमित्त करून बसल्या होत्या.

कुंभोजे सरांनी सगळं लिहून तयार ठेवलं होतं. कित्तूरकरांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? सरांनी माझ्याकडे हात केला. "ही. पद्मजा भूपाल मगदूम. लायसन आहे, हे बघा."

कित्तूरकरांनी लायसनवरची तारीख बघितली आणि माझ्याकडे बघून हसले. वाईट मनाने नव्हे. अशा कितीतरी मुली त्यांनी बघितल्या असतील, किंवा बघितल्या असं त्यांना सांगितलं गेलं असेल.

"नवीन लायसन. होतं असं सुरुवातीला," ते म्हणाले. "घाबरलीस ना?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"घाबरायला मी गाडीत नव्हते. मी घरी होते."

अण्णांनी कप खाली ठेवला आणि मोठ्याने हसून म्हणाले, "अजून धक्क्यातनं बाहेर आली न्हाई, साहेब. काल रात्रभर झोप न्हाई तिला."

"धक्का मालनमावशींना बसलाय, अण्णा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "गाडी श्रेयांस चालवत होता. त्याच्याकडे लायसन नाही. बाईंना पाडून तो पळाला. आणि मला विचाराल, तर मी या गाडीच्या स्टिअरिंगला आजवर हात लावलेला नाही. मला लावूच दिलेला नाही."

"पद्मे, आत जा," अण्णा म्हणाले.

"जाते. पण आधी त्यांना लिहू द्या."

कित्तूरकर बुचकळ्यात पडले होते. बाप एक म्हणतो, मुलगी एक म्हणते, कुणाचं धरावं? तेवढ्यात चौगुले काकूंना राहवलं नाही. त्यांना काय चाललंय याचा नीट पत्ता नव्हता. त्यांनी फक्त एवढंच ऐकलं होतं, की मगदुमांची मुलगी गाडी चालवत होती असं कुणीतरी म्हणतंय, आणि शेजारधर्म म्हणून त्या आमच्या घराची अब्रू राखायला सरसावल्या.

"काय तरीच काय बोलताय साहेब," त्या कट्ट्यावरूनच म्हणाल्या. "पद्माला गाडीजवळसुद्धा जाऊ देत न्हाईत. पोरींनी गाड्या उडवत फिरायचं असलं ह्यांच्यात चालत न्हाई. लई शिस्तीचं घर हाय हे. कुणालाबी इचारा गल्लीत."

कुणाला विचारायची गरजच उरली नाही. दोघातिघांनी तिथेच माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, खरं आहे, गाडी तर कायम पोरगाच पळवतो. अण्णांनी वर्षानुवर्षं घरातली शिस्त सगळ्या गल्लीला दाखवली होती, आणि गल्लीने ती पाठ केली होती. कुंभोजे सरांच्या कपाळावर घाम आला. इतक्या हुशार माणसाने गावातली नेमकी तीच मुलगी ड्रायव्हर म्हणून उभी केली होती, जिला कुणी कधी ड्रायव्हरच्या जागेवर बघितलंच नव्हतं.

कित्तूरकरांनी पेनाचं टोपण लावलं. मी त्यांना विचारलं, मावशींच्या पैशाचं काय होईल? ते म्हणाले, ते बुडत नाहीत. कोर्ट बहुतेक वेळा कंपनीलाच द्यायला लावतं, आणि मग कंपनी ते गाडीच्या मालकाकडून वसूल करते. "गाडीची दुरुस्ती मात्र तुमच्या खिशातून," ते अण्णांना म्हणाले. मी सरांकडे बघितलं. सर आभाळाकडे बघत होते. म्हणजे त्यांना हे ठाऊक होतं, आणि तरी काल अण्णांनी माझ्यापुढे बाईंचा मोडका पाय आणून ठेवला तेव्हा त्यांनी तो ठेवू दिला होता.

दुपारी श्रेयांस अण्णांबरोबर पोलीस ठाण्यात गेला. केस त्याच्या नावावर झाली. त्याला फासावर चढवलं नाही, दंड झाला, आणि मस्कतला तो पुढच्या वर्षी गेला, अजून तिथेच आहे, सुखात आहे. पण त्या वेळी घरावर वीज पडल्यागत झालं. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आईला म्हणायचे, "तिला सांग." आत्या सांगलीहून खास येऊन गेल्या. पाठच्या भावाला पोलिसांच्या हवाली करणारी बहीण त्यांनी जन्मात बघितली नव्हती. बापाचं नाक कापलंस, म्हणाल्या. मी म्हणाले, नाक जागच्या जागी आहे आत्या, नव्हतं ते लायसन. त्या चहा न घेता उठल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. आज मी मुख्याध्यापिका आहे, आणि मुली माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या की मला अजून राग येतो.

दाखला आला, नेमणूकही झाली, शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यात. मी एसटीने जाऊ लागले. दवाखान्याचं बिल अण्णांनी स्वतः भरलं. मालनबाई दारात येऊन बसणार आहेत, हे मी त्यांना मुद्दाम ऐकू जाईल असं आईला सांगितलं होतं. गाडी दुरुस्त होऊन आली आणि अंगणात झाकून पडली. श्रेयांस तिच्याकडे बघत नव्हता. अण्णा गुरुवारी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जाताना ती काढायचे, तेवढंच. किल्ली सोप्यातल्या खिळ्याला असायची.

मालनबाईंना घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. त्यांचा मुलगा मालाचा टेम्पो बघत होता. प्लास्टर घातलेला पाय घेऊन त्या टेम्पोत चढणार कशा? मी सोप्यात आले. अण्णा आणि कुंभोजे सर बसले होते. गाडीच्या विम्याचं वर्ष संपत आलं होतं, त्याचं काहीतरी चाललं होतं. मी त्यांच्या मधून गेले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

"मालनमावशींना आणायला जाते," मी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

अण्णा भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणाले, "कुणाला विचारून चाललीय म्हणावं?"

"मला सांगून चाललीय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

अण्णांनी वळून आतल्या दाराकडे बघितलं. आईचा आवाज सोप्यापर्यंत आलेला मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते.

गाडी सुरू होऊन दोनदा बंद पडली. गल्ली बघायला जमली. चौगुले काकूंनी तोंडावर पदर धरला. तिसऱ्यांदा गाडी निघाली, आणि एकदा निघाल्यावर माझ्या हातांना सगळं आठवलं. गाडी मी जपून चालवली, पण भीत भीत नाही चालवली. दवाखान्यात मुलाने आणि वॉर्डबॉयने मिळून मावशींना पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे ढकलून पाय लांब केला. "हळू चालव ग बाई," त्या म्हणाल्या, "एकच पाय उरलाय." सायझिंगच्या वळणावर त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. मी गाडी थांबवली, हॉर्न वाजवला, दोन्हीकडे बघितलं आणि मग वळले. त्यांनी मूठ सोडली. घरी पोचल्यावर त्यांच्या सुनेने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मी हसत परत निघाले.

हसत होते म्हणूनच चुकले असेन. आमचं फाटक अरुंद, त्यात मी गाडी जरा जास्तच डावीकडे घेतली. दगडी खांबाला गाडी घासली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत असा आवाज झाला, की सोप्यातली दोघंही धावत पायरीवर आली. गल्ली पुन्हा गोळा झाली. पांढऱ्या पत्र्यावर भला लांब ओरखडा उठला होता.

अण्णा ओरखड्याकडे बघत उभे राहिले. कुंभोजे सरांनी मात्र खाली उतरून त्यावरून बोट फिरवलं, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांची जुनी सवय जागी झाली.

"कुणी काही बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "अण्णा, आपण असं लिहू. गाडी दारात उभी होती, आणि कुणीतरी घासून गेलं."

मी उतरले आणि गल्लीला ऐकू जाईल असं दार लावलं.

"कुणीतरी नाही," मी म्हणाले. "लिहा सर. गाडी मी चालवत होते."